चित्र घसरतं ते एआर, पोट ढवळतं ते व्हीआर

गाडी रिव्हर्सला टाकली की समोरच्या स्क्रीनवर मागचा रस्ता दिसतो आणि त्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा येतात. बऱ्याच गाड्यांमध्ये स्टिअरिंग फिरवलं की या रेघाही वळतात. रस्ता खरा, मागे लावलेली कुणाची तरी ॲक्टिव्हा खरी, रेघा मात्र जमिनीवर कुठेच नाहीत. त्या कॉम्प्युटरने कॅमेऱ्याच्या चित्रावर आखलेल्या आहेत, आणि जमिनीला चिकटल्यासारख्या दिसतील अशा बेताने आखलेल्या आहेत. ऑगमेंटेड रिॲलिटी, थोडक्यात एआर, म्हणतात ते हेच. कोणी चष्मा घातलेला नसतो, कोणी हवेत हातवारे करत नसतं, आणि गाडी मागे घेणाऱ्या काकांना आपण काही अत्याधुनिक वापरतोय याची गंधवार्ताही नसते.

मोबाईलमध्ये दिसतं ते एआर आणि डोळ्यांवर डबा (हेडसेट) बांधला की व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, ही लोकप्रिय व्याख्या त्यामुळे बाद. बाजारातले नवे डबे तर दोन्ही कामं करतात. त्यापेक्षा कॉम्प्युटरला कुणाचं ऐकावं लागतंय ते पाहावं. एआरमध्ये तुमची खोली, रस्ता, टेबल जागच्या जागी असतं आणि कॉम्प्युटरने आणलेली वस्तू त्यात बेमालूम बसवायची असते. व्हर्च्युअल रिॲलिटीत खोली, रस्ता, टेबल सगळंच कॉम्प्युटरचं. तिथे खरं उरतं ते फक्त तुमचं शरीर, आणि सांभाळायचं असतं ते त्यालाच. एकाला जगाची मर्जी राखायची, दुसऱ्याला शरीराची.

सगळं सुरळीत चालू असताना हे लक्षात येत नाही. बिघडलं की येतं. एआर बिघडलं तर चित्र घसरतं: टेबलावर ठेवलेली फुलदाणी हवेत तरंगते, सोफा भिंतीत घुसतो. व्हीआर बिघडलं तर तुम्हाला मळमळतं.

तीन अटी

१९९७ साली रोनाल्ड अझुमा या संशोधकाने एआरच्या तोवरच्या कामाचा आढावा घेणारा एक निबंध लिहिला. त्यात त्याने तीन अटी घातल्या आणि आजही या क्षेत्रात वाद झाला की लोक तिथेच जातात. खरं आणि कृत्रिम एकत्र दिसलं पाहिजे. ते त्याच क्षणी, तुमच्या हालचालीला दाद देत घडलं पाहिजे. आणि कृत्रिम वस्तू खऱ्या जगात, लांबी-रुंदी-खोली धरून, एका ठरावीक जागी पक्की बसलेली असली पाहिजे. डोक्यावर काही घालायला हवं अशी अट त्याने मुद्दामच ठेवली नाही.

या चाळणीतून रोजच्या गोष्टी घालून पाहिल्या की गंमत येते. सिनेमातला राक्षस खऱ्या रस्त्यावरून चालतो, पण तो महिनोन्महिने बसून त्यात घातलेला असतो. दुसरी अट गेली. क्रिकेटच्या सामन्याआधी मैदानात उभ्या असलेल्या निवेदकाशेजारी टीव्हीवर खेळाडूचा दोन मजली पुतळा उगवतो, ते मात्र एआर. कॅमेरा किती वळला, किती वाकला, झूम किती झाला हे सतत मोजून पुतळा त्याच हिशेबाने काढलेला असतो. बिचाऱ्या निवेदकाला तिथे काहीच दिसत नसतं, तो रिकाम्या गवताकडे हात करून बोलत असतो.

हॉकआय घ्या. २००१ साली लॉर्ड्सवर इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत ते टीव्हीवर पहिल्यांदा आलं. पायचीतच्या निर्णयाच्या वेळी दिसणारी खेळपट्टी, स्टंप, चेंडू सगळं रेखाटलेलं असतं. खरं मैदान त्यात नाही, म्हणून एआर नाही. तुम्ही त्या खेळपट्टीवर उभे नसून घरी सोफ्यावर आहात, म्हणून व्हीआरही नाही. मागचं मोजमाप खरं असलेलं ते एक ॲनिमेशन आहे.

आणि पोकेमॉन गो. एआर हा शब्द जगभर घरोघरी पोचला तो २०१६ च्या जुलैत आलेल्या या खेळामुळे. भारतात तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जिओच्या साथीने आला. पण सुरुवातीच्या आवृत्तीत, चेंडू फेकून पकडायचा तो काल्पनिक प्राणी फोनच्या दिशेच्या अंदाजाने कॅमेऱ्याच्या चित्रावर नुसता चिकटवलेला होता. जमीन कुठे आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. तिसऱ्या अटीवर तो जेमतेम काठावर पास. बॅटरी वाचते आणि चेंडू नीट फेकता येतो म्हणून कित्येक खेळाडू कॅमेराच बंद करून खेळायचे. एआरची सगळ्यात गाजलेली ओळख अशी अर्धवट एआरची आहे, हे मला नेहमी मजेशीर वाटतं.

विमानाच्या तारा

दोन्ही शाखांचा पूर्वज एकच. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी हार्वर्डमध्ये, बॉब स्प्राउल या विद्यार्थ्याला हाताशी धरून, डोक्यावर घालायचा पडदा तयार केला. मान कुठे वळली ते मोजण्यासाठी छतापासून डोक्यापर्यंत एक यांत्रिक दांडा लोंबत होता, म्हणून त्याला टोपणनाव पडलं डॅमोक्लिसची तलवार, ग्रीक गोष्टीत डोक्यावर टांगलेली असते ती. दोन डोळ्यांसमोर दोन छोट्या पिक्चर ट्यूब, त्यांचं चित्र अर्धपारदर्शक आरशांवरून डोळ्यांत. घालणाऱ्याला खोलीत तरंगणारा एक चौकोनी ठोकळा दिसे, नुसत्या कडांचा, तारेने बनवल्यासारखा. थोडं बाजूला सरकलं की ठोकळ्याची दुसरी बाजू. खोली दिसत होतीच, त्यामुळे काटेकोरपणे बघायचं तर आधी जन्मलं ते एआर. व्हर्च्युअल रिॲलिटी हे नाव रूढ झालं ते १९८० च्या दशकात, जेरन लेनियर यांच्या व्हीपीएल या कंपनीने डोळ्यांवरचे डबे आणि तारा लावलेले हातमोजे विकायला काढल्यावर.

ऑगमेंटेड रिॲलिटी या नावाची कथा जास्त कामगारी आहे. १९९० च्या सुमारास बोइंग कंपनीत टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांच्यासमोर तारांचा प्रश्न होता. विमानात मैलोगणती तार असते. तिच्या जुड्या आधी जमिनीवर बांधतात, त्यासाठी प्लायवूडच्या मोठमोठ्या फळ्यांवर पूर्ण मापाचे नकाशे लावतात आणि कामगार त्या रेघांवरून एकेक तार नेतो. विमानाची रचना थोडी बदलली की नकाशे बदलले, फळ्या बदलल्या, आणि त्या साठवायला पुन्हा जागा. या दोघांची कल्पना अशी की फळी कोरीच ठेवायची. कामगाराच्या डोळ्यांपुढे पारदर्शक काच द्यायची आणि आत्ताची तार कुठून कुठे जायची ती रेघ काचेतून फळीवर पडल्यासारखी दाखवायची. १९९२ च्या निबंधात त्यांनी हे मांडलं.

पंचवीसेक वर्षांनी बोइंगने खरोखरच तारा बांधणाऱ्यांना चष्मे दिले आणि तारकामाचा वेळ २५ टक्क्यांनी घटल्याचं सांगितलं. पण तो चष्मा होता गूगल ग्लास, आणि त्यात कामगाराला दिसत होती डोळ्याच्या कोपऱ्यातली एक छोटी पाटी: अमुक तार, तमुक छिद्र. पाटी फळीवर कुठेही बसत नाही, मान वळवली की सोबत वळते. अझुमाच्या तिसऱ्या अटीत ती साफ नापास. दोन्ही हात मोकळे ठेवून पुढची सूचना वाचता येणं एवढ्यानेच काम भागलं. एआरच्या जाहिराती वाचताना हे मी लक्षात ठेवतो: पुष्कळ ठिकाणी फायदा होतो तो डोळ्यांसमोर चिठ्ठी आल्याचा, चित्र जगात बसवल्याचा नव्हे.

सोफा खोलीत बसतो कसा

आता हे बसवणं जवळून पाहू. फर्निचरच्या ॲपमध्ये सोफा निवडला, कॅमेरा सुरू झाला, आणि सूचना येते: फोन हळूहळू इकडे-तिकडे फिरवा. लोक वैतागून फोन दोनदा हलवतात आणि सोफा छतावर जाऊन बसतो. ही सूचना उगाच नसते. त्या काही सेकंदांत फोन तुमच्या खोलीचा नकाशा काढत असतो.

कॅमेऱ्याच्या चित्रात फोन सहज ओळखू येतील असे ठिपके शोधतो: गालिच्याच्या नक्षीतला कोपरा, पुस्तकाची कड, फरशीचा सांधा, स्विचबोर्डचं टोक. असे शेकडो. फोन थोडा सरकला की जवळचे ठिपके चित्रात जास्त सरकतात, लांबचे कमी. रेल्वेच्या खिडकीतून रुळालगतचे खांब सपासप मागे जाताना आणि डोंगर जागीच उभे राहताना आपण जे पाहतो तोच हा हिशेब. त्यावरून कुठला ठिपका जवळ, कुठला लांब, आणि स्वतः फोन कुठून कुठे गेला, हे दोन्ही एकाच वेळी सोडवलं जातं. नकाशा नसताना जागा शोधायची आणि जागा माहीत नसताना नकाशा काढायचा, असं हे दुहेरी गणित आहे. तंत्रज्ञ त्याला स्लॅम म्हणतात.

एक अडचण मात्र एकट्या कॅमेऱ्याला सुटत नाही. चित्रातली खोली खरी खोली आहे की बाहुलीचं घर, हे नुसत्या चित्रावरून कळायला मार्ग नाही. प्रमाण दोन्हींत सारखंच असतं. इथे फोनमधले दोन छोटे सेन्सर कामाला येतात. ॲक्सलरोमीटर सांगतो की फोनला किती धक्का बसला, जायरोस्कोप सांगतो की तो किती वळला. त्यातून फोन खरोखर वीस सेंटिमीटर सरकला हे कळलं की चित्रातल्या सरकण्याशी त्याची सांगड घालून खोलीचं माप येतं. म्हणूनच फोन हलवायला सांगतात. न हलवलेल्या फोनला सोफा सहा फुटी आहे की सहा इंची, हे ठरवता येत नाही.

मग खूप ठिपके एकाच पातळीत दिसले की फोन म्हणतो, ही जमीन. सोफा तिच्यावर ठेवतो, खाली थोडी सावली घालतो (सावली नसली तर सोफा तरंगतो, हे आपल्या डोळ्यांना क्षणात कळतं) आणि तुम्ही चालायला लागलात की दर चित्रागणिक, म्हणजे सेकंदाला तीस किंवा साठ वेळा, हे सगळं नव्याने मोजत राहतो.

हे कुठे फसतं तेही यातूनच कळतं. ठिपके मिळाले नाहीत की सगळं कोसळतं. कोऱ्या पांढऱ्या भिंतीला ठिपके नसतात. नव्या फ्लॅटमधली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी तर आणखी घातकी: तिच्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं, फोन त्यालाच ठिपका समजतो, आणि तुम्ही चाललात की प्रतिबिंब सरकतं. त्याबरोबर सोफाही निघाला. जुन्या वाड्यातली नक्षीदार फरशी किंवा खडबडीत शहाबादी या कामाला फार चांगली. अंधार, काच, आरसा, चालू पंखा, मधूनच आलेलं मांजर, हे सगळे एआरचे वैरी.

दुसरा फसण्याचा प्रकार झाकण्याचा. खऱ्या खुर्चीमागे सोफा ठेवला तर खुर्चीने त्याचा काही भाग झाकला पाहिजे. पण फोनला खुर्ची किती लांब आहे हे नीट कळलं नसेल तर तो सोफा खुर्चीच्या वरून काढतो, आणि डोळ्यांना काहीतरी विचित्र वाटतं. यासाठीच २०२० पासून ॲपलने आयपॅड प्रो आणि मग आयफोनच्या प्रो मॉडेलांत लायडार बसवला, म्हणजे अदृश्य प्रकाश टाकून तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर मोजणारा सेन्सर. त्याच्यासमोर कोरी भिंतही सुटत नाही.

रस्त्यावरचं एआर याच गणिताचा मोठा अवतार. गूगल मॅप्समध्ये कॅमेरा धरून चालताना रस्त्यावर बाण दिसतात, २०१९ पासून. उंच इमारतींमध्ये जीपीएस बरेच मीटर चुकतो आणि होकायंत्र लोखंडाजवळ भरकटतं, त्यामुळे नुसत्या त्यांच्या जोरावर बाण समोरच्या दुकानात घुसेल. म्हणून कॅमेऱ्यातलं दृश्य आधी काढून ठेवलेल्या रस्त्यांच्या फोटोंशी, म्हणजे गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूशी, ताडून पाहतात. ज्या गावाचे असे फोटो नाहीत तिथे हे ताडून पाहणंच शक्य नाही. भारतात स्ट्रीट व्ह्यूला २०१६ मध्ये सरकारने नकार दिला होता. ते आलं २०२२ च्या जुलैत, पहिल्या दहा शहरांत, आणि त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती.

शरीराला फसवण्याचं काम

व्हीआरमध्ये यातलं बरंच ओझं नसतं. फरशी चकचकीत असली तरी चित्रात ती दिसणारच नाही. वस्तू कुठे ठेवायची हे विचारायला जग समोर नाहीच. मग कठीण काय?

घाटातून जाणाऱ्या एसटीत मोबाईल वाचणाऱ्याला मळमळतं, कारण कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण डाव्या-उजव्या वळणांवर फेकले जातोय आणि डोळे सांगतात की समोरची अक्षरं स्थिर आहेत. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही, आणि पोट बिघडतं. व्हीआरमध्ये याची उलटी बाजू असते: डोळे सांगतात की आपण रोलरकोस्टरवरून कोसळतोय, कान सांगतो की आपण खुर्चीत बसलोय.

यात भर पडते उशिराची. तुम्ही मान वळवली की चित्र लगेच वळलं पाहिजे. लगेच म्हणजे किती? या धंद्यात धरलेली मर्यादा साधारण २० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाची. त्यात सेन्सरने मान मोजायची, कॉम्प्युटरने दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं काढायची आणि पडद्याने ती दाखवायची. पडदा सेकंदाला ९० चित्रं दाखवत असेल तर एका चित्राला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. १९८०-९० च्या दशकांतलं व्हीआर गाजावाजा होऊन विझलं याची कारणं अनेक, पण त्या काळच्या यंत्रांना हा वेग झेपत नव्हता हे त्यातलं मोठं. मोबाईल फोनच्या लाटेने स्वस्त पडदे आणि स्वस्त सेन्सर आणून दिले, आणि त्यांच्या जिवावर पामर लकीच्या ऑक्युलसने २०१२ मध्ये लोकवर्गणी काढून नवी सुरुवात केली. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरना घेतली.

त्याच २०१४ मध्ये गूगलने पुठ्ठ्याचा डबा काढला: आत दोन भिंगं, पुढे आपलाच फोन. शाळांमध्ये, प्रदर्शनांत तो फार चालला, आणि बऱ्याच लोकांचं व्हीआरविषयीचं वाईट मत तिथेच बनलं. कारण पुठ्ठ्यातल्या फोनला मान वळलेली कळते, पण तुम्ही पुढे झुकलात किंवा एक पाऊल टाकलंत हे कळत नाही. शरीर पुढे गेलं, दृश्य जागीच. चांगल्या डब्यांना बाहेरच्या बाजूने कॅमेरे असतात आणि ते खोलीतले ठिपके शोधून तुमची जागा ठरवतात. म्हणजे सोफ्याचंच गणित इथेही आलं, फक्त ते खोली दाखवण्यासाठी नसून तुमचं डोकं शोधण्यासाठी आहे.

एक खोट अजून कोणत्याही बाजारू डब्यात पुरती गेलेली नाही. बोट नाकाजवळ आणलं की आपले डोळे दोन गोष्टी करतात: आत वळतात आणि जवळचं नीट दिसावं म्हणून डोळ्यातलं भिंग आकार बदलतं. व्हीआरमध्ये फुलपाखरू नाकाशी आलं की डोळे आत वळतात खरे, पण प्रकाश येत असतो तो ठरावीक अंतरावर भासणाऱ्या पडद्यावरून, त्यामुळे भिंगाला जागचं हलून चालत नाही. जन्मभर जोडीने केलेलं काम अचानक वेगवेगळं करायला लागलं की डोळे शिणतात. जवळच्या वस्तूंचे खेळ अर्ध्या तासात डोकं का धरतात, त्याचं हे एक कारण.

मधला रस्ता

मेटाचा (म्हणजे पूर्वीच्या फेसबुकचा) २०२३ चा क्वेस्ट ३ आणि २०२४ चा ॲपल व्हिजन प्रो यांनी वर्गवारी करणाऱ्यांची पंचाईत केली. दोन्ही बंद डबे आहेत, आरपार काहीच दिसत नाही. पण बाहेरचे कॅमेरे खोलीचं चित्र घेऊन आतल्या पडद्यावर दाखवतात, त्यात कृत्रिम वस्तू मिसळून. म्हणजे वस्तू खोलीत घसरायलाही नको आणि उशीर होऊन पोटही ढवळायला नको: दोन्ही बिघाडांची टांगती तलवार एकाच यंत्रावर. ॲपलने यासाठी वेगळी चिपच घातली आणि कॅमेऱ्यापासून डोळ्यापर्यंतचा उशीर १२ मिलिसेकंद असल्याचं सांगितलं. अमेरिकेत त्याची किंमत ३,४९९ डॉलर होती. बॅटरीची वायर निघाली की समोरचं सगळं जगच गुडुप, ही या पद्धतीची कायमची मर्यादा.

दुसरी पद्धत सदरलंडचीच: पारदर्शक काच. मायक्रोसॉफ्टचा २०१६ चा होलोलेन्स असा होता. बॅटरी संपली तरी समोरचं जग दिसत राहतं, कारखान्यात ही फार मोलाची गोष्ट. पण काच फक्त प्रकाशाची भर घालू शकते, प्रकाश काढून घेऊ शकत नाही. काळा रंग म्हणजे प्रकाशाचा अभाव, आणि तो काचेतून दाखवणार कसा? होलोलेन्समध्ये काळं मांजर दाखवायला गेलात तर मांजराच्या आकाराचा पारदर्शक भाग दिसेल, म्हणजे काहीच दिसणार नाही. उन्हात तर पांढरं मांजरही फिकुटतं. शिवाय चित्र दिसतं ते एका छोट्या चौकटीत. माणसाची नजर आडवी दोनशे अंशांच्या आसपास पसरते, पहिल्या होलोलेन्सची चौकट तिशीच्या घरात होती. मान थोडी वळवली की दाखवलेल्या वस्तूचा अर्धा भाग कापल्यासारखा नाहीसा. होलोलेन्स २ चं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबवलं.

तिसरी वाट चष्माच टाकून देण्याची: चित्र थेट वस्तूवर पाडायचं. पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकलेल्या प्रणव मिस्त्री यांनी एमआयटीत असताना २००९ मध्ये दाखवलेलं सिक्स्थ सेन्स आठवत असेल: गळ्यात छोटा प्रोजेक्टर आणि कॅमेरा, बोटांना रंगीत टोप्या, आणि तळहातावर उमटलेला फोनचा डायल. ते बाजारात आलं नाही, पण हीच कल्पना दवाखान्यात कधीच रुळली आहे. लहान मुलांच्या हाताची शीर शोधताना नर्स एक टॉर्चसारखं यंत्र कातडीवर धरते. त्यातून डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगाच्या पलीकडचा प्रकाश पडतो. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, आजूबाजूची कातडी परत फेकते, म्हणून यंत्राच्या कॅमेऱ्याला शिरा गडद दिसतात. तो नकाशा यंत्र त्याच क्षणी दिसणाऱ्या प्रकाशात परत त्याच हातावर पाडतं. हात हलला की नकाशाही हलतो. अझुमाच्या तिन्ही अटी पूर्ण, आणि ही मला आजवर दिसलेली एआरची सगळ्यात कामाची जागा वाटते.

तिच्याशेजारी व्हीआरचं तितकंच चांगलं उदाहरण ठेवा. अमेरिकेत सिएटलमध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या हंटर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांना ड्रेसिंग बदलताना व्हीआरमध्ये बर्फाच्या दरीतून नेलं आणि पेंग्विनवर बर्फाचे गोळे फेकायला लावले. वेदना कमी जाणवल्याचं रुग्णांनी सांगितलं; लक्षच दुसरीकडे गुंतलं की दुखणं जाणवायला जागा कमी उरते. अटलांटात बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उंचीची भीती असलेल्यांना आभासी पूल, बाल्कन्या आणि काचेच्या लिफ्टमध्ये उभं करून भीती उतरवल्याचं प्रसिद्ध केलं. नर्सला समोरचा हात सोडून चालणार नाही. भाजलेल्या माणसाला समोरचा हात दिसायलाच नको. कुठे कुठलं वापरायचं हे इथे आपोआप ठरतं.

दुकानात गेल्यावर

नुसत्या चष्म्याचं रूप बघून फसू नका. २०२५ मध्ये भारतात आलेल्या रे-बॅन मेटा चष्म्याला कॅमेरा, माइक आणि स्पीकर आहेत, काचेत चित्र अजिबात नाही. तो एआर नव्हे. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या मेटा रे-बॅन डिस्प्लेमध्ये एका काचेत छोटा पडदा आहे, पण तो चिठ्ठीसारखा, जगात न बसणारा. चिठ्ठी उपयोगी असू शकते, फक्त एआरचे पैसे मोजतोय असं समजून ती घेऊ नये. आणि कॅमेरा असलेल्या कुठल्याही चष्म्याची किंमत समोरचा माणूसही मोजत असतो, त्याला न विचारता. सोफा बसवायला फोनने खोलीचा नकाशा काढला, तोच नकाशा घर किती मोठं आणि त्यात काय काय आहे हेही सांगतो. ॲप तो कुठे पाठवतं हे परवानगी देण्याआधी पाहायला दोन मिनिटं लागतात.

एआरचा डेमो मिळाला तर वस्तू जमिनीवर ठेवा आणि तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारा. परत आलात तेव्हा ती त्याच फरशीवर आहे का? मग वस्तूच्या आणि डोळ्यांच्या मध्ये आपला हात धरा. हाताने ती झाकली गेली पाहिजे. शेजारच्या खोलीत जाऊन या आणि पुन्हा बघा. विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा या तीन गोष्टी जास्त सांगतात.

व्हीआरच्या डब्यात आधी दोन भिंगांतलं अंतर आपल्या बुबुळांच्या अंतराइतकं करून घ्या. ते माणसागणिक बदलतं, सरासरी त्रेसष्ट मिलिमीटरच्या आसपास असतं, आणि चुकलं तर चांगला डबाही धूसर दिसतो. मुलांसाठी घेत असाल तर कंपनीची वयाची अट वाचा. मेटाने २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीतल्या खात्यासाठी ती तेरावरून दहा वर्षांवर आणली. पहिला अनुभव असा निवडा ज्यात तुम्ही एका जागी उभे असता आणि वस्तू तुमच्याकडे येतात. ज्यांना घाट लागतो त्यांनी रोलरकोस्टरला पहिल्याच दिवशी हात लावू नये. मॉलमधला स्टॉलवाला मात्र गिऱ्हाईक बसलं की पहिला तोच लावतो.